घरच्या घरी मागचे ॲडजस्टेबल आर्म बनवा, कोन तेवढे मिनिटात मोजा

गाडी खाली बसवलीत ना? झकास दिसतेय. स्प्रिंग कापून बसवली की शॉर्ट स्प्रिंग टाकून बसवली हा तुमचा खाजगी मामला, आपण त्यात पडायचं नाही. पण आता मागची चाकं वरून आत झुकलीत, टायर आतल्या कडेला तारा दिसेपर्यंत झिजलाय, बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो नवाच वाटतोय आणि अलाइनमेंटवाला स्क्रीनवरचे लाल आकडे दाखवून हात वर करतोय की या गाडीला मागे ॲडजस्टमेंटच नाहीये हो. अशा वेळी गाडी परत थोडी वर घेणं हा एक मार्ग असतो. तो मनातून काढून टाका. एसेंट्रिक बोल्ट (फिरवला की चाकाचा कोन बदलणारा) किंवा तयार ॲडजस्टेबल आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) घेणं हा दुसरा, तोही काढून टाका, कारण तयार आर्म काय शेवटी एक पाइप आणि दोन टोकंच असतात आणि पाइप तुमच्याकडे आहे.

सुरुवात करण्याआधी एक पथ्य पाळा, कोन का बिघडला हे चुकूनही शोधू नका. बुश (आर्मच्या टोकातले रबरी सांधे) फाटलेत का, सबफ्रेम (आर्म ज्या चौकटीला बसतात ती) सरकलीय का, चाक कधी खड्ड्यात आदळून एखादा आर्म वाकलाय का, हे बघायला बसलात तर प्रॉब्लेम तिथेच सापडायची भीती असते आणि मग वेल्डिंग करायची मजाच गेली. डावा आर्म उजव्यापेक्षा पाच मिलिमीटर लांब केल्याशिवाय चाक सरळ होत नाही असं पुढे लक्षात आलं तर घाबरायचं नाही, गाडीचा स्वभाव म्हणायचं आणि लांबी पक्की करणारा चेकनट आवळायचा.

आता पाइप. शेडमध्ये कुठेतरी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा तुकडा पडलेला असतोच, तो घ्या. त्यावरचं जस्त घासून काढायचा सल्ला कोणी दिला तर हसा. वेल्डिंग करताना जो पांढरा धूर येतो तो मनसोक्त घ्या, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला की व्हायरल आहे असं घरी सांगा. पाइप किती जाड लागतो, सीमलेस की शिवणीचा, हे प्रश्न विचारणाऱ्या लोकांच्या गाड्या कधीच पूर्ण होत नाहीत.

मग आटे. यात एक गंमत आहे ती समजून घ्या. एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असले की मधला पाइप फिरवून आर्म जागेवरच लांब-आखूड करता येतो, दीडच्या पिचला, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलं तर, एका फेऱ्यात तीन मिलिमीटर. पण उलट्या आट्याचा टॅप मिळवायला चार ठिकाणी विचारावं लागतं म्हणून तुम्ही दोन्हीकडे सरळच आटे मारणार आणि मग पाइप कितीही फिरवला तरी तो नुसता डावीकडून उजवीकडे सरकणार, लांबी जिथल्या तिथे. हरकत नाही, दर वेळी बोल्ट काढा, एक टोक सोडवा, एक फेरा द्या, परत बसवा. व्यायाम होतो. आणि आर्मची लांबी कमी पडली तर टोक आणखी बाहेर काढा, आत चार आटे पकडून असले तरी बाहेरून ते दिसत नाही. जाणकार म्हणतात की बोल्टच्या जाडीइतकी, शक्यतो दीडपट लांबी आत हवी, म्हणजे सोळा एमएमला निदान सोळा ते चोवीस मिलिमीटर. जाणकारांना कधी टायरच्या कडेतून तारा बाहेर आलेल्या बघाव्या लागल्या नाहीत म्हणून सुचतं हे सगळं.

कुठला आर्म बदलायचा यावर फार डोकं लावू नका, जो हाताला लागेल तो. टो लिंक (चाकाचं तोंड सरळ धरणारा बारीक आर्म) किंवा वरचा साधा आर्म असेल तर त्याच्यावर फक्त ओढ आणि दाब येतो. पण बऱ्याच गाड्यांत खालच्या आर्मवरच स्प्रिंग बसलेली असते, म्हणजे मागचं वजन त्या आर्मला मधोमध वाकवत असतं, आणि नेमका तोच आर्म कंपनीने उगाच जाडजूड, पत्रा दाबून घडवलेला असतो. त्याच्या जागी तुम्ही गोल पाइप आणि आट्याचा रॉड लावा. आट्याच्या मुळाशी, जिथे धातू सगळ्यात बारीक असतो, बरोब्बर तिथे वाक येईल याची काळजी घ्या.

वेल्डिंग तुम्ही स्वतःच करा. टाके सुंदर आले नाहीत तर ग्राइंडर मारा, ग्राइंडरने सगळ्यांचीच वेल्डिंग सारखी दिसते, आत शिरलीय की वर नुसती चिकटलीय हे देवालाच ठाऊक. टेस्टिंगसाठी आर्म व्हाइसमध्ये पकडून त्यावर एकदा उडी मारा, तुटला नाही तर पास. आता कोणीतरी शहाणा म्हणेल की लोखंड एका झटक्यात सहसा तुटत नाही, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक हिसक्याला ती थोडी थोडी पुढे सरकते. ऐंशीच्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण अकरा वेळा फिरतं, रस्त्याचे हिसके, ब्रेक आणि वळणं वेगळीच. त्याला सांगा की माझी एक उडी, त्यात सगळं आलं. शेवटी एक जाड काळा पेंट मारा म्हणजे चीर पडली तरी तुमचा मूड जाणार नाही.

बुश आणि रॉड एन्ड (रबराऐवजी आत धातूचा गोळा असलेलं टोक) यांच्यात निवड करायची असेल तर दोन्हीकडे रॉड एन्डच टाका, रेसिंगच्या गाड्यांना असतात म्हणजे चांगलेच असणार. धूळ-चिखल आत गेला की ते ठकठक वाजायला लागतात, तो रेसिंगचाच आवाज समजा. रबर म्हणजे कंपनीची कंजुषी असं बिनधास्त म्हणत राहा. १९७७ साली आलेल्या पोर्शे ९२८ मध्ये मागचे बुश मुद्दाम असे बसवले होते की वळणात ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला तरी मागचं चाक टो-आउट न होता, म्हणजे पुढच्या कडेने बाहेर न वळता, किंचित आत वळावं आणि गाडीची शेपूट सुटू नये. म्हणजे मोठमोठे इंजिनियर रबर किती दबावं याचा हिशोब करत बसले होते, बिचाऱ्यांना रॉड एन्ड मिळाले नसतील. आणि समजा एखाद्या टोकाला रबर बुश ठेवलाच तर गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट फुल आवळा. खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, तोपर्यंत तुमच्याकडे रॉड एन्डची दुसरी जोडी आलेली असेल.

आणि आता मोजमाप, इथे मात्र मी तुमची थट्टा करणार नाही कारण इथे तुम्ही खरंच थक्क करता. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणता, त्या एकमेकींना समांतर आहेत का हे तीनदा तपासता, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर स्टीलच्या पट्टीने घेता. पंधरा इंची रिमवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम नऊ मिनिटांचा कोन (साठ मिनिटांची एक डिग्री), डिग्रीचा सहावा हिस्सासुद्धा नाही, आणि तेवढ्यासाठी तुम्ही अर्धी रात्र गाडीखाली काढता. आधी कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय) मग टो (चाकाची पुढची कड आत-बाहेर किती वळलीय) हेही तुम्हाला पाठ आहे, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप बिघडतो. टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा टोचा हात मोठा असतो हेही तुम्ही इतरांना समजावून सांगता. फक्त ज्या पाइपवर ही नऊ मिनिटं टांगलीत त्याची जाडी विचारली की तुम्ही म्हणता, असेल की दोन-अडीच एमएम.

चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघायची गरज नाही. ब्रेकचा होज ताणतोय का, एबीएसची वायर आर्मला घासतेय का, चाक वर जाताना टो भलतीकडेच वळतोय का, हे सगळं रस्ता तुम्हाला सावकाश दाखवेलच. पहिल्या ट्रायलला घरच्यांना बरोबर घ्या, मागच्या सीटवर वजन हवं, नाहीतर स्प्रिंग नीट दबत नाही.

ट्रायलमध्ये सरळ रस्त्यावर गाडी सरळ जातेय पण स्टीअरिंग मात्र दहा डिग्री डावीकडे पकडावं लागतंय असं दिसलं तर तो मागच्या दोन चाकांचा टो एकमेकांशी न जुळल्याचा परिणाम असतो, मागचा ॲक्सल गाडीला तिरकं ढकलतोय आणि पुढची चाकं ते सावरताहेत. म्हणजे परत दोऱ्या, परत पट्टी, परत अर्धी रात्र. एवढं कशाला करताय, स्टीअरिंगचं चाक काढा, दोन खाचा सरकवून सरळ बसवा. एअरबॅग असेल तर बॅटरी आधी काढावी लागते म्हणे, पण आर्म बनवताना तुम्ही कोणाचं ऐकलं होतंत की आता ऐकाल.