“दगडावर पाठ घासली” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून सकाळी मालवणात उतरलात, आंघोळीच्याही आधी आमच्या मसाज चेअरवर बसलात आणि २० मिनिटं दगडावर पाठ घासल्यासारखं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. शेवटची पाच मिनिटं तेवढी बरी गेली. वहिनींना मात्र त्याच खुर्चीत झोप लागली, म्हणजे त्यांना मऊ सेटिंग लावलं असणार, असा तुमचा संशय आहे.

आधी आमची चूक सांगतो. काउंटरवरच्या मुलाने गाडी कोणी चालवली हे विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर जोर ३ वर न ठेवता १ वर सुरुवात केली असती, मागे जाड टॉवेल घातला असता. त्याला हे शिकवणं माझं काम, ते राहून गेलं. माफ करा.

सेटिंग मात्र दोघांनाही एकच होतं. फरक पाठीत होता. ५०० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, घाटातली वळणं, पाय सतत क्लचवर नि ब्रेकवर. अशा वेळी कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू तासन्‌तास आखडून राहतात. आखडलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त कमी पोचतं, तो आणखी दुखरा होतो. त्यावर एकदम रोलर आला की पाठ अंग चोरते, म्हणजे स्नायू अजूनच घट्ट होतो. हे आपण मुद्दाम करत नाही, शरीर आपोआप करतं.

आमच्याकडे किनाऱ्यावरून दोरांनी रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात, ते पाहिलं असेल. सैल दोरावर बोट दाबलं तर दोर वाकतो. ओढ लागलेल्या दोरावर दाबलं तर बोटच दुखतं. सैल पाठीत रोलर रुततो आणि दाब पसरतो, ताठ पाठीवर तोच दाब एका ठिकाणी बसतो. शेजारचे रापणकर ओढून आल्या आल्या बसले की म्हणतात, “आज ह्यां खूप टोचता.” तीच माणसं मासेमारी बंद असताना त्याच जोरावर घोरत पडतात. तुमची शेवटची पाच मिनिटं बरी गेली, ती पाठ तोवर थोडी सुटली म्हणून.

आणखी एक. खुर्ची सुरुवातीला रोलर वर नेऊन खांद्यांची उंची मोजते. थकलेला माणूस खांदे कानाकडे ओढून बसतो, मग माप चुकतं आणि रोलर हाडावर चढतो. खांद्याच्या हाडाला लागल्याचं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा यामुळेच. त्या वेळी थांबवून पुन्हा माप घ्यायला हवं होतं. तीही जबाबदारी आमचीच.

आता आम्ही प्रत्येकाला आधी दहा मिनिटं पाय मोकळे करायला सांगतो, मग नुसता शेक देतो, रोलर त्यानंतर. पैसे परत घ्यायला कधीही या, पावती नसली तरी चालेल.

पाठ अजून ठणकत असेल, कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर कुठल्याही मसाज चेअरवर बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि काय म्हणाले ते मला जरूर कळवा.