गिझरची कॉइल बदलतात, पण रॉडचं नावच काढत नाहीत!

परत तेच. गिझर लावला की घरातली लाईट जाते, आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, आणि मेकॅनिक येऊन म्हणणार "कॉइल गेलीये, बदलावी लागेल". अरे पण का गेली ते सांग ना! आमच्याकडे वाघोलीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, एकदम जड, म्हणजे क्षारांचं, ते तापलं की त्यातला कॅल्शियम कॉइलवर बसतो, परवा काढली तेव्हा तिच्यावर पांढरा दगडासारखा थर आणि टाकीच्या तळाशी चुन्याचा नुसता गाळ. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जातच नाही, कॉइल आतल्या आत तापून फुटते, मग करंट लीक होतो आणि 30 मिलिअँपिअरवाला आरसीसीबी ट्रिप, जे बरोबरच आहे.

आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड! स्वतः झिजून टाकी गंजू द्यायची नाही एवढंच त्याचं काम, क्षाराच्या पाण्यात तो लवकर संपतो, वर्षातून एकदा तरी उघडून बघायलाच हवा, पण हे कोणी आपणहून सांगेल तर शपथ. टाकी गळायला लागली की "नवीनच घ्या". वर जाताना थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण) फुल्ल करून जातात, म्हणजे थर आणखी पटापट बसणार.

कहर म्हणजे शेजारच्या काकूंकडे सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून एकाने चक्क बूच मारलं! प्रेशर वाढलं की ते तिथूनच बाहेर पडतं हो, टाकी फुटली तर?