‘कॉलेजात सांगूच नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘पालकांनो, सावध!’ असा सुरू होणारा एक मेसेज ॲडमिशनचे दिवस आले की हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यात एकदा माझ्या सख्ख्या मावशीकडून. म्हणणं असं, की मुलाला दिसण्याचा, लिहिण्या-वाचण्याचा त्रास असेल तर कॉलेजात नोंद करू नका. रायटर, म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणारा लेखनिक, घेणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याने पास होणं. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर काही मिळतच नाही. मिळालं तर जन्माचा शिक्का बसतो. आणि दहावी-बारावीला सवलत होती त्यांना ती कॉलेजात आपोआप मिळते, मग अर्जाची यातायात कशाला?

रायटरचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला लागतो. बारावीनंतर मी रायटर म्हणून जायला लागलो. विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली हवं, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं. म्हणून डिग्री झाल्यावर मी रिटायर झालो. आता मुलांचे अर्ज भरून देतो. ‘दुसऱ्याचं डोकं’ चालू नये याची सोय नियमातच केलेली आहे, ती अशी.

आणि माझं डोकं चाललं असतं तर त्या पोराचं वाटोळंच झालं असतं. एस. वाय. बी. कॉम.चा अकाउंट्सचा पेपर, मी आर्ट्सवाला, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. तो सांगत होता, ‘डावीकडे लिही, टू बॅलन्स बी/डी, बेचाळीस हजार सातशे पन्नास. आता उजवीकडे, बाय...’ शेवटी म्हणाला, बेरीज वाच. मी वाचली. तो थांबला, म्हणाला, ‘जुळत नाही. तू एक आकडा भलत्या बाजूला टाकलायस.’ टाकला होता. अख्खं खातं त्याच्या डोक्यात उभं होतं, माझ्यासमोर कागदावर असूनही मला चूक दिसली नाही. खाडाखोड करून पुन्हा लिहिण्यात दहा मिनिटं गेली. त्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असं म्हटलं होतं ते याचसाठी. प्रश्नपत्रिका तीच असते. त्या तासाने मार्क वाढत नाहीत, सांगणं-लिहिणं-वाचून घेणं यात गेलेला वेळ तेवढा भरून निघतो.

आता ४० टक्के. इथे मेसेजवाल्याने दोन गोष्टींची खिचडी केली आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी ४० टक्क्यांची अट आहे. परीक्षेत सोय मागणं ही वेगळी गोष्ट. यूपीएससी देणाऱ्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा आजार होता, त्याला लेखनिक नाकारला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असून लिहायला अडचण असणाऱ्यांसाठी केंद्राने वेगळ्या सूचना काढल्या. यूडीआयडी कार्डात, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रातसुद्धा, ४० च्या आतल्यांसाठी पांढरा रंग आहे. ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि पुढे निळा. काहीच मिळायचं नसतं तर सरकारने पांढरं कार्ड छापलं कशाला असतं?

शिक्क्याचं काय? ज्यांचे पेपर मी लिहिले त्यांची डिग्री सर्टिफिकेटं मी पाहिली आहेत, रायटरचा उल्लेख एकावरही नाही. उलट सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, तिथे प्रमाणपत्र कामालाच येतं. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यावर खोट्या दिव्यांग प्रमाणपत्राचा आरोप झाला, तेव्हापासून लोक या प्रमाणपत्राकडेच संशयाने बघतात, हे खरं. पण लबाडीने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्या २०१६ च्या कायद्यातच आहे. लबाडाच्या भीतीने खऱ्याने का लपावं? बाकी चार लोक काय म्हणतील, त्यावर कुठल्याच कायद्यात कलम नाही.

‘आपोआप मिळते’ हे मात्र निखालस खोटं, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. बोर्डाचं पत्र बोर्डापुरतं. कॉलेजात नव्याने अर्ज करायचा, ॲडमिशन झाल्या झाल्या. परीक्षेचा फॉर्म भरताना परत आठवण द्यायची. दिव्यांग प्रमाणपत्र आहे म्हणून भागेल असंही नाही. ‘याला लिहिता येण्यात अडचण आहे’ असा सिव्हिल सर्जनच्या पातळीवरचा वेगळा दाखला बऱ्याच जणांना लागतो. सिव्हिलमध्ये त्याचा वार ठरलेला असतो, रांग असते, एका फेरीत काम होत नाही. वैताग आहे. मेसेजवाल्याचं एवढं मी मान्य करतो.

आणि अर्ज दोन प्रतींत करा. एक त्यांना, दुसरीवर पोच.

त्या अकाउंट्सवाल्या पोराचाच पुढच्या वर्षीचा पेपर, अकरा ते दोन. कॉलेज म्हणालं होतं, ‘वर पाठवलंय.’ परीक्षा केंद्रावर जादा वेळेचं पत्र आलेलंच नव्हतं. दोनची घंटा झाली, सुपरवायझर बाईंनी पेपरला हात घातला. त्याने शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला, त्यावर कॉलेजचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. बाईंनी तो दोनदा वाचला आणि फोन करायला बाहेर गेल्या. परत आल्या त्या म्हणाल्या, ‘तीनपर्यंत लिहा.’

तो माझ्याकडे वळला. ‘शेवटची ओळ वाच.’