साहेब बदलायचे कसे : होतकरू नेत्यांसाठी

तर तुम्ही निवडून आलात, अभिनंदन. किंवा निवडून आलेल्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला लागलात, म्हणजे त्याहून मोठं अभिनंदन. कॉलेज रोडला फ्लेक्स लागला, पंचवटीत सत्कार झाला. आता माणसं यायला लागतील. सातपूरचा एखादा कारखानदार येईल, खुर्चीच्या टोकावर बसून म्हणेल, "दादा, ते जीएसटीवाले फार मागे लागलेत हो." अशा वेळी कायद्याचं पुस्तक उघडू नका. मी करसल्लागार, पंचवीस वर्षं तेच उघडून बसलोय आणि अजून स्कूटरवर आहे. कायदा बदलायला सभागृह लागतं. साहेब बदलायला पत्र पुरतं.

पत्र कुणाचं, हा मात्र नाशिककरांपुढचा नाजूक प्रश्न. जानेवारी 2025 मध्ये आपलं पालकमंत्रिपद एका दिवशी जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी स्थगित झालं. तेव्हा लेटरहेड दोन-तीन ठिकाणची जमवून ठेवा.

नियमांना घाबरू नका. महाराष्ट्रात 2005 चा बदल्यांचा कायदा आहे. तो म्हणतो, एका जागी साधारण तीन वर्षं, आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये. पण त्यातच एक खिडकी ठेवलेली आहे : अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारण असेल, तर लेखी नोंद करून आणि वरच्याची पूर्वमान्यता घेऊन मधेच हलवता येतं. विशेष कारण म्हणून 'प्रशासकीय निकड' लिहा. या दोन शब्दांत अख्खा ब्रह्मगिरी मावतो. शिवाय 1979 च्या वर्तणूक नियमांत 23 वा नियम आहे, वरिष्ठांवर राजकीय वजन आणायला मनाई करणारा. पण ती मनाई अधिकाऱ्याला, तुम्हाला नाही. तुमचं वजन आपलं आपणच पडतं, त्याला साहेब बिचारे काय करणार?

थोरामोठ्यांचं बघून शिकावं. अमेरिकेच्या करखात्याला, म्हणजे आयआरएसला, 1971 मध्ये प्रमुख हवा होता. शत्रूंच्या मागे लागेल, मित्रांच्या नाही, आणि सांगू तेवढं करेल असा माणूस पाहिजे, हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं बोलणं त्यांच्याच टेपमध्ये सापडलं. नेमले जॉनी वॉल्टर्स. सप्टेंबर 1972 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वकिलाने नकोशा माणसांची यादी त्यांच्या हातात ठेवली, तर हा गृहस्थ ती घेऊन थेट अर्थमंत्री शुल्ट्झ यांच्याकडे गेला. शुल्ट्झ म्हणाले, काही करू नका. यादी तिजोरीत पडली. पारखून घेतलेला माणूससुद्धा ऐनवेळी असा कणा काढतो. निक्सन यांनी माणूस निवडण्यावर भर दिला, तिथेच फसले.

2025 मध्ये ट्रम्प यांनी ती चूक सुधारली. तिथल्या प्रमुखाला 1998 च्या कायद्याने पाच वर्षांची मुदत आहे. तरी त्या एका वर्षात, हंगामी धरून, अर्धा डझनाहून जास्त माणसं त्या खुर्चीवर बसून उठली. बिली लाँग नावाचे माजी खासदार जूनमध्ये आले, ऑगस्टमध्ये गेले. राजकारणात येण्याआधी ते लिलाव पुकारायचे. (हे लासलगावात कळू देऊ नका, कांद्याच्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे एक इच्छुक उभा राहील.) मग त्यांना आइसलँडला राजदूत म्हणून पाठवायचं ठरलं. आपल्याकडे गडचिरोली, त्यांच्याकडे आइसलँड.

त्याच वर्षी काही महिन्यांत तिथले कर्मचारी एक लाखावरून पाऊण लाखाच्या घरात आले. हेही शिकून घ्या. जागा भरू नका. एका साहेबाकडे दोन टेबलं द्या. दोन दिवस इथे, तीन दिवस मालेगावला. खोट्या बिलांची फाईल उलगडायची तर गोदामाचा स्टॉक, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, बँकेच्या नोंदी एकमेकांना लावत कुणीतरी सहा महिने एका जागी बसावं लागतं. ते सहा महिने बसू द्यायचे नाहीत, बस. 2023-24 पर्यंतच्या अशा फसवणुकीच्या प्रकरणांत आदेशाला जीएसटी कायद्याने पाच वर्षं दिली आहेत. तेवढ्यात तीन साहेब झाले की प्रत्येकाने फाईल पहिल्या पानापासून वाचायची, आणि शेवटचं पान येईस्तोवर मुदत गेलेली. नोटिसा थांबतील अशी काळजी करू नका. रिटर्नला उशीर केलेल्या किराणावाल्याची नोटीस संगणक काढतो, त्याची बदली होत नाही.

कधीकधी हललेला साहेब मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात, जाऊन बदलीला स्थगिती आणतो. मग एका केबिनला दोन साहेब. चहा दोघांना पाठवावा, फाईल कुणालाच नाही.

मी जातो त्या एका कचेरीत (कुठली ते विचारू नका, मला उद्या परत जायचंय) साहेबांच्या पाठीमागे लाकडी फलक आहे. नाव, पासून, पर्यंत. वरच्या ओळी पितळी पिवळ्या रंगात, ठसठशीत, एकेक माणूस तीन-तीन वर्षं. खाली येता येता अक्षरं बारीक होत गेलीत, कारण जागा पुरेना. परवा पेंटर स्टुलावर चढला होता. नव्या साहेबांचं नाव झालं, 'पासून' झालं, तरी तो खाली उतरेना. शिपाई म्हणाला, "झालं ना? उतरा की."

तो म्हणाला, "थांबतो जरा. गेल्या वेळी उतरलो आणि जिन्यात फोन आला."