म्हणे ड्रायव्हर टाक, नाहीतर फॉरमॅट मार!

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून रात्री घरी यायचं, जेवून जरा गेम लावायचा, तर स्क्रीनवर काय? डोंगराच्या जागी जांभळे त्रिकोण, नाहीतर अर्धा मेनू स्क्रीनच्या बाहेर. आणि ज्याला विचारावं त्याचं एकच पालुपद: ‘ड्रायव्हर टाक, नाहीतर फॉरमॅट मार.’ म्हणजे चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर नव्याने बसव, नाहीतर सगळं पुसून विंडोज पुन्हा घाल. ठाणे स्टेशनजवळचा एक दुरुस्तीवाला तर मशीन चालू न करताच ‘ग्राफिक्स कार्ड गेलंय’ म्हणून मोकळा होतो.

अरे, आधी बघा तरी! मेनू कापला जातोय म्हणजे बऱ्याचदा स्केलिंगचा, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवण्याचा, घोळ असतो. लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं, जुन्या गेमला ते झेपत नाही. गेमच्या एक्झी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआय सेटिंग्जमध्ये ओव्हरराइडवर टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. एवढंच! यासाठी कुणाचा सगळा डेटा उडवायचा?

अपडेटनंतर त्रिकोण उगवले असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दिलंय की. नवा ड्रायव्हर बिघडवतोय तर जुन्यावर परत जा. स्क्रीन नुसती गोठली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीस्टार्ट होतो. आणि हो, विंडोज सुरू व्हायच्या आधी बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंग्जच्या) स्क्रीनवरही तसलेच त्रिकोण किंवा ठिपके-रेघा दिसत असतील, तर खुशाल कार्डावर संशय घ्या.

पण कॉलेजच्या पोरांनी पै-पै साठवून घेतलेलं मशीन असतं हो! त्यांना काहीही न तपासता नव्या कार्डाचा खर्च सांगायचा म्हणजे हद्द झाली.