ब्याटरी आत असू द्या, पण चिपकवू नका

नवतपा सुरू होता. दुपारी कूलरसमोर बसून मुलांचे गुण भरत होते, तर टचपॅडवर क्लिकच होईना. लॅपटॉप टेबलावर सरळ बसेना, डुगडुगत होता. उलटा केला तर खालचं झाकण मधोमध वर आलेलं. ब्याटरी फुगली होती. चार्जर काढला, बंद केला आणि संध्याकाळी नागपुरातल्या बर्डीवर दुरुस्तीला नेला.

तिथल्या दादांनी झाकण उघडून दाखवलं. "ताई, स्क्रूवर असती तर दहा मिनिटांचं काम होतं. ही चिपकवलेली आहे. फुगलेली ब्याटरी उचकटताना भोक पडलं तर पेट घेते." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, कीबोर्डसकट वरचा सगळा भाग बदलावा लागेल. 14,000 रुपये. लॅपटॉप चौथ्या वर्षात, बाकी सगळं ठणठणीत.

माझ्या आधीच्या लॅपटॉपची ब्याटरी खटका सरकवला की हातात यायची. दोनदा नवीन आणून मीच बसवली.

तरी जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. त्या ब्याटरीत गोल सेल असायचे, प्रत्येकाची जाडी 18 मिलिमीटर. त्यावर कडक प्लास्टिकचं कवच, मग तिच्यासाठी लॅपटॉपमध्ये वेगळा कप्पा. आता चपटे, मऊ पाकिटासारखे सेल आतल्या मोकळ्या जागेत पसरवता येतात. अॅपलने जानेवारी 2009 मध्ये 17 इंची मॅकबुक प्रोमध्ये ब्याटरी आत बसवली, तेव्हा दावा 8 तासांचा आणि 1,000 चार्जिंगचा होता. रोज पाठीवर लॅपटॉप घेऊन बसने जाणारीला वजन किती कमी झालं ते कळतं. मऊ सेलला टोक लागू नये म्हणून तो झाकणाआड हवा, हेही पटतं.

पण आत असणं वेगळं आणि चिपकवणं वेगळं. आत बसवून चार-सहा स्क्रूंवर धरलेली ब्याटरी पातळ लॅपटॉपमध्येही मिळते. लेनोवोच्या थिंकपॅड टी480 मध्ये तर एक ब्याटरी आत होती आणि दुसरी बाहेरून काढता यायची, तीही लॅपटॉप चालू असताना.

लॅपटॉपमध्ये झिजणारच असा भाग ब्याटरी. लिथियम-आयनला उष्णता सोसत नाही, आणि 100 टक्के चार्ज होऊन तापत राहणं तर मुळीच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, आणि लाईट जाईल म्हणून चार्जर दिवसभर लावलेला. (सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल तर आजच लावा.) जो भाग आधी जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे, तोच कायमचा चिपकवायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

युरोपियन युनियनने नियमच केलाय: 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांची ब्याटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. खास हत्यार लागत असेल तर ते सोबत फुकट द्यायचं. तापवून किंवा रसायन वापरून सोडवावी लागेल अशी बसवायची नाही. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची दुरुस्तीविषयीची माहिती एका जागी मिळते, पण माहितीने डिंक सुटत नाही. नियम इथेही हवा.

जुलैत मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. दोन दुकानांत विचारलं, "ब्याटरी स्क्रूवर आहे का?" दोन्हीकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कोणी झाकण उघडून पाहिलं असेल तर मॉडेलचं नाव खाली लिहा.