हुशार पोराला आणखी वीस गणितं नकोत, गुरुजी

गुरुजी, नमस्कार.

प्रज्ञावंत मुलांवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि तिच्यामागे जिल्हा परिषदेच्या शाळेतला उभा जन्म आहे. दोन ओळींत तिला उत्तर देणं बरं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हुशार पोरगं कुठंही घाला, ते पुढे जातंच, साठ पोरांच्या वर्गात मास्तरानं मागे पडलेल्यांकडे बघावं की याच्याकडे, आणि हे 'प्रज्ञावंत मुलं' प्रकरण म्हणजे नागपूरच्या धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या पालकांचे चोचले. शेवटी नातवाबद्दल लिहिलंत. चौथीत आहे, गणितं दहा मिनिटांत उरकतो, म्हणून तुम्ही त्याला आणखी वीस देता आणि हल्ली तो "मला येत नाही" म्हणतो.

सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासूनच करायला हवी, कारण तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर त्यातच आहे. नातवाला गणित येतं. लवकर केलं की आणखी वीस मिळतात, हेही त्याला कळलंय. मग तो पेन्सिलला टोक करत बसतो, मुद्दाम चुकतो, नाहीतर येत नाही म्हणून मोकळा होतो. आपण त्याला आळशी म्हणतो, पण त्यानं हिशेब बरोबर केलाय: जे आधीच येतं ते पुन्हा वीसदा करण्यात त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

आता "आपोआप पुढे जातं" याबद्दल. दहावीपर्यंत जातं, हे खरं. पण न कळणाऱ्या गोष्टीपाशी थांबायचं कसं, स्वतःची चूक शोधायची कशी, कोरा कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून मांडायचं कसं, हे बाकीची पोरं तिसरी-चौथीपासून शिकत असतात. याला त्याची गरजच पडत नाही. पहिली गाठ पडते ती अकरावीत. दहावीला पंच्याण्णव टक्के आणि जेईईच्या क्लासमधल्या पहिल्याच चाचणीत तळाला. अभ्यास कसा करायचा हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, असं त्याला वाटत नाही. आपण मुळात हुशार नव्हतोच, असं वाटतं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग हेच दाखवतात. "तू हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं अवघड काम टाळायला लागली आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरीही घसरली. "तू मेहनत घेतलीस" असं ऐकलेली टिकली. लग्नाकार्यात "पाढे म्हणून दाखव बेटा" करणाऱ्या काका-मामांना हे जरूर सांगा.

साठ पोरांच्या वर्गाचा तुमचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मास्तराच्या वेळेवर बोजा न टाकणारी पद्धत सांगते. फळ्यावर पंधरा गणितं लिहिली, तर त्यातल्या सगळ्यात अवघड पाचांवर चांदणी करायची. ज्याला वाटेल त्यानं आधी ती पाच सोडवायची, कुणाचंही नाव आधी घ्यायचं नाही. पंधरा मिनिटांत पाचपैकी चार बरोबर आली की उरलेली दहा माफ. वाचलेल्या वेळात एकच अवघड कोडं, वेगळ्या वहीत, गुणांशिवाय. चार आली नाहीत तर नेहमीचा सराव, त्यात कसलीही नामुष्की नाही. तपासायची पाचच असतात, त्यामुळे मास्तराचा वेळ उलट वाचतो.

ही पद्धत फसते ती तीन ठिकाणी. कोड्याला गुण दिले की मूल सोपं कोडं मागायला लागतं. सराव माफ झालेल्या मुलाला रोज 'छोटा गुरुजी' करून मागच्या बाकावर शिकवायला बसवलं की त्याचं शिकणं थांबतं आणि वर्गात तो नकोसा होतो. आठवड्यातून एखादवेळ ठीक. आणि कोडं म्हणजे फक्त मोठे आकडे असतील, तर ते पुन्हा तुमचे वीसच झाले.

कोडं कसं असावं? बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती? पोरगं तत्काळ ६४ म्हणेल. "नाही" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. थोड्या वेळानं अख्खा पट हाही एक चौरस आहे, हे त्याच्या लक्षात येईल. मग दोन बाय दोनचे ४९, तीन बाय तीनचे ३६, अशी उतरण सापडेल आणि शेवटी उत्तर २०४ येईल. किंवा १ ते १०० पर्यंतचे सगळे आकडे लिहिले, तर त्यांतल्या सुट्या अंकांची (४७ चे ४ आणि ७, असे) बेरीज किती? (९०१.) यात चौथीच्या पुढचं काहीच लागत नाही, पण अडकावं लागतं. अर्ध्या तासानं रडकुंडीला आला तरी उत्तर सांगू नका. "लहान पट घे, तीन बाय तीनचा" एवढीच मदत करा.

चोचल्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण परिणाम नेमका उलटा होतो. धरमपेठेतल्या मुलाला क्लास मिळतो, पुस्तकं मिळतात, बुद्ध्यांकाची चाचणीही मिळते. पारडी-कळमन्यातल्या हमालाच्या पोरीला मास्तराची नजर सोडून काहीच मिळत नाही. ती नजर हुकली की सहावी-सातवीपर्यंत ती पोरगी हात वर करणंच सोडून देते.

चाचणीबद्दलही स्पष्ट बोलते. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरून १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुलं येतात, पण एका आकड्यावर विसंबू नये. टर्मन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९२१ साली प्रज्ञावंत मुलं निवडायला सुरुवात केली, तेव्हा शॉकली आणि अल्वारेझ हे दोघे त्याच्या चाळणीत बसले नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मराठी मुलांसाठी बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी आहे, पण ज्यांच्याशी तुलना करायची ती तिची प्रमाणं जुनी असल्यानं आकडा फुगून येतो. मोबाईलवरच्या चाचण्या तर सोडूनच द्या. पहिल्याच वाचनात कळणं, न संपणारे प्रश्न, एकाच विषयात महिनोन्महिने बुडणं, ही वर्गात दिसणारी लक्षणं जास्त भरवशाची. तोंडी उत्तर झकास आणि वहीत दोन ओळी, तेही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह, असं असेल तर मार्क कापण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. हुशारी आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अक्षमता, एकाच मुलात असू शकतात, आणि एकीमुळे दुसरी झाकली जाते.

एक गोष्ट नातवासाठी. आपल्याकडे विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मे महिन्यात अकरा ते पाच घराबाहेर पडता येत नाही. हा वेळ एका प्रश्नाला द्या. तक्ता आणि थर्माकोल नको, प्रश्न हवा. सीताबर्डीच्या टेकडीचा दगड काळा नि कठीण, आणि जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या कामठीकडचा रेतीचा, हे कसं? सकाळी सातच्या आत दोन्हीकडचे मोकळे पडलेले तुकडे आणा. खिळ्यानं ओरखडा काढून बघू द्या, पाण्यात टाकून बुडबुडे येतात का बघू द्या, रेतीचे कण भिंगातून मोजू द्या. त्यानं स्वतःचा अंदाज वहीत लिहिल्यावरच सांगा की काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि रेतीचा त्याहून कितीतरी जुन्या नद्यांचा. नागपुरातल्याच टाकळीच्या दगडाच्या थरांमध्ये जीवाश्म सापडतात आणि ते एकोणिसाव्या शतकात हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्यानं गोळा केले. तुमच्या नातवाला हिस्लॉप कॉलेजचं नाव तेवढं माहीत असेल. पुढचे प्रश्न तो स्वतःच विचारेल. उत्तर येत नसेल तर "मलाही नाही माहीत, शोधू" म्हणा आणि त्याला रमण विज्ञान केंद्रात किंवा अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या जुन्या संग्रहालयात, घेऊन जा.

वीस गणितं उद्यापासून बंद करा. आठवड्याला तीन कोडी पुरेत. पहिले पंधरा दिवस तो चिडेल, "हे परीक्षेत येतं का?" विचारेल, तेव्हा परत वीसवर जाऊ नका. आणि त्याच्या वर्गात हात वर न करणारी एखादी पोरगी असेल, तर ती पाच चांदण्यांची पद्धत त्याच्या बाईंना तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं त्या जास्त ऐकतील.